यंत्र वाचत नाही त्या ओळी

आमच्या भावोजींइतका हट्टी माणूस अख्ख्या मालवणात नसेल, आणि असलाच तर त्यानेही भावोजींपुढे हात टेकले असते. ताईला स्थळ आलं तेव्हा मुलगा ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणून सगळे खूश. पण तो माउसला हात लावत नाही हे कोणी बोललं नव्हतं. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून किरकिरत यायचं त्या दिवसांत बाजारात त्यांचं सायबर कॅफे होतं आणि मागच्या खोलीत सर्व्हर. गावातल्या लॉजवाल्यांच्या, होडीवाल्यांच्या वेबसाइटचं नाव कोणी टाकलं, की ते कुठल्या यंत्राकडे न्यायचं हे सांगणारी डीएनएसची फाइल भावोजी काळ्या पडद्यावर हाताने लिहीत. बदल केला की फाइलचा क्रमांक एकने वाढवायचा, तो मोठ्याने म्हणायचा, मगच सर्व्हर पुन्हा चालू. तोवर ताईने आणलेला चहासुद्धा दाराशी थांबे. शिवाय प्रत्येक नावापुढे अर्धविराम देऊन एक टीप. अर्धविरामापुढचं यंत्र वाचत नाही, त्यामुळे भावोजी तिथे मोकळेपणाने लिहीत: ‘हेका सकाळी फोन करू नये.’ ‘भावाशी बोलणा नाय, पत्र वेगळा धाडूचा.’

मी पुण्याहून कोर्स करून आलो तो खिडक्या-बटणांचं टूल घेऊनच. म्हटलं, ‘‘भावोजी, क्लिक केलं की झालं!’’

‘‘तुझ्या त्या खिडक्येत नाव दिसता रे, पण कोण कोणाचो ता दिसता काय?’’

ते सावंतवाडीला गेले तेव्हा मी गुपचूप टूल बसवलं, बरेच दिवस हात न लागलेली चार नावं उडवली आणि सेव्ह केलं. टूलने फाइल नव्याने, सुटसुटीत लिहिली. टिपा सगळ्या गायब. आणि मी शहाणा, खूश!

सोमवारी दांडीच्या किनाऱ्यावरची मासे विकणारी काकी आली. सोमवारी मासे खपत नाहीत, म्हणून ती त्याच दिवशी येई. तिचा मुलगा पर्यटकांना होडीतून फिरवायचा. त्याने हौसेने वेबसाइट करून घेतली होती, वर स्वतःचा हसरा फोटो. पुढे एकदा तो समुद्रात गेला तो परत आलाच नाही. काकी दर सोमवारी तो फोटो बघून जाई. आज पान उघडेना.

‘‘रे, माझो झिल आज दिसणा नाय. खंय गेलो?’’

पान सर्व्हरवर होतंच. तिथे नेणारं नाव मी पुसलं होतं. तेवढ्यात सावंतवाडीहून परतलेल्या भावोजींना मी सगळं सांगून टाकलं.

‘‘मेल्या, माका इचारूचा तरी!’’ एवढंच भावोजी बोलले. काळा पडदा उघडून त्यांनी नाव लिहिलं, क्रमांक वाढवला, मोठ्याने म्हटला आणि पुढे टीप टाकली: ‘काढू नये. सोमवारी बघूक येता.’ फोटो उघडेपर्यंत मला मान वर करवेना. बाकीच्या टिपा त्यांनी दोन दिवस आठवून आठवून लिहिल्या.

काकी जाऊन आता दोन वर्षं झाली. फाइल मीच बघतो, हातानेच. परवा विचारलं, ‘‘भावोजी, आता ते नाव काढू?’’

‘‘रवांदे रे,’’ म्हणाले.

सोमवारी कॅफे उघडल्यावर ते पहिलं तेच पान उघडतात.