कारखाना थांबला त्या सकाळी

लोटन मास्तर दमले होते. उन्हातून चालून आलेला माणूस दमतो तसे नव्हे; वर्षानुवर्षं ओरडून ओरडून दमले होते. रनाळ्यात ज्या खोलीत ते इंग्रजीचा वर्ग घेत, तिला अगदी खेटून जिनिंगचा कारखाना. कापसाचा हंगाम लागला की इंजिन दिवसभर धडधडायचं, पाट्या थरथरायच्या, पोरांच्या डोक्यावर कापूस बसायचा. आधीच ती परमुलखातली भाषा! घरी अहिराणी, पुस्तकात मराठी, त्यावर हे इंग्रजी. या गोंगाटात ते डोक्यात शिरावं तरी कसं? मास्तर बेंबीच्या देठापासून ओरडायचे, पोरं त्यांच्यावर ताण करायची. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, आत मारामारी जुंपली आहे.

घरी बायको छबूबाई वैतागायची, "मी कव्हयनी हाका मारी ऱ्हायनू!"

"कारखाना चालू शे ना," मास्तर म्हणायचे. आता कारखाना घरापासून चांगला कोसभर लांब, पण त्या माउलीनं कधी वाद घातला नाही.

सन चौतीसच्या हिवाळ्यात निरोप आला, की शाळा तपासणारे डिपोटीसाहेब येणार. वर्ग त्यांच्या पसंतीस उतरला नाही तर बंद. मग पोरांना इंग्रजीसाठी नंदुरबारला ठेवणार कोण? सगळी परत औताच्या मागं. मास्तरांची झोप उडाली. शेवटी अभिमान गिळून ते कारखान्याच्या चुनीलालशेठकडे गेले आणि हात जोडले, "एक सकाळ इंजिन थांबवा." शेठ कुरकुरला, पण कबूल झाला.

तपासणीच्या सकाळी खोलीत इतकी शांतता, की साहेबांची लेखणी ऐकू यावी. साहेबांनी पुढच्या रांगेतल्या भिला नावाच्या पोराला इंग्रजीत प्रश्न विचारला. भिला उठला आणि असा काही ओरडला, की साहेब दचकले, दौत कलंडली. दुसरं पोरही तसंच. तिसरंही.

साहेब भडकले. "ही शाळा आहे की बैलबाजार? असल्या रानटी वर्गाची गरज नाही!" ते ओरडूनच बोलले, त्यामुळे मास्तरांना सगळं नीट कळलं.

"अरे भिला, हळू बोल की रे!"

भिलानं मास्तरांकडे पाहिलं, जरा घुटमळला, मग तेच उत्तर हळू दिलं. मास्तरांना त्याचे ओठ हललेले दिसले. आवाज मात्र आला नाही. आणि कारखाना तर बंद होता!

"बोल ना!"

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. तो ओरडून म्हणाला, "तुम्हले आयकू येत नही, मास्तर!"

बाकीच्या पोरांनी माना खाली घातल्या. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तर मटकन स्टुलावर बसले. इतक्या वर्षांचा शीण एकदम अंगावर आला. पोराचं बोलणं हसण्यावारी नेलं असतं तर त्यांचं झाकलं गेलं असतं, आणि पोरं रानटी ठरली असती.

ते उठले. "साहेब, पोरं माझ्यासाठी ओरडतात. मी बहिरा झालोय. वर्ग राहू द्या, मास्तर बदला."

साहेबांनी कलंडलेली दौत सरळ केली. मग त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पहिल्यापासून प्रश्न विचारायला घेतले.

पोरं उत्तरं देत गेली, हळू, शहाण्यासारखी. साहेबांचा चेहरा खुलत चालला होता. मास्तर कोपऱ्यात उभे राहून एकेकाचे ओठ बघत होते. त्यांनीच शिकवलेलं इंग्रजी खोलीभर बोललं जात होतं, आणि त्यातला एक शब्दही त्यांना ऐकू येत नव्हता.