तू माझी बाई पळवतेयस

सकाळी इथल्या स्कोफिल्ड्स उपनगरातून एका ताईंचा फोन आला. "तू माझी बाई पळवतेयस."

बाई म्हणजे सुनंदा, त्यांनी भारतातून घरकामाला आणलेली. लॉकडाऊनपासून मी झूमवर एज्ड केअरचं, म्हणजे वृद्धांच्या देखभालीचं, काम शिकवते, त्या क्लासला ती येते.

तिला सुट्टी कधी देता, मी विचारलं. "अगं, घरच्यासारखीच आहे ती." आणि पासपोर्ट? "माझ्या कपाटात. सेफ."

दुपारी सुनंदा क्लासला नव्हती. तिचा फोनही बंद.

ताई, तुम्ही आपल्या बायकांच्या याच ग्रुपवर आहात, म्हणून इथेच लिहिते. याला इथे ट्रॅफिकिंग, माणसांची तस्करी, म्हणतात. स्वतःची नोकरी असली की असलं घर सोडता येतं, म्हणूनच शिकवते मी.

बाकीच्यांनो, तुमच्यापैकी किती जणी ताईंकडे सुनंदाच्या हातच्या पुरणपोळ्या खाऊन आलात?

ताई, एव्हाना पोलीस दारात असतील. मास्क लावून उघडा.