शिगेहारूच्या खांद्याची कीर्ती

कोबेच्या बंदराकडे उतरणाऱ्या एका गल्लीत, नऊ खुर्च्यांच्या काउंटरमागे शिगेहारू नाकाओ कॉफी गाळायचा. पन्नाशी उलटली आणि त्याचा उजवा खांदा धरला. किटलीतून धार सोडताना हात मध्येच अडायचा, कळ मस्तकात जायची, डोळे मिटायचे. चार सेकंदांनी कळ ओसरली की धार पुन्हा सुरू. तेवढ्यात कॉफी अंमळ कडवट व्हायची. गिऱ्हाइकं भली, कडू घोट गिळून "छान!" म्हणायची.

असाच एकदा किजिमा नावाचा जाहिरातवाला तिथे टेकला. ते चार सेकंद पाहून त्याला साक्षात्कारच झाला. आता, हात का थांबतो हे विचारायला तोंड होतं की! पण कारागिराला विचारायचं नसतं, बघून उचलायचं असतं. विचारणारा मूर्ख ठरतो आणि सांगणारा हलका. किजिमाने महिनाभर घड्याळ लावून बघितलं, मग दुकानच विकत घेतलं, आणि त्या कळेला नाव दिलं 'मौनधार'.

पुढे काय विचारता! सोल, तैपेई, सिंगापूर, दुबई, एकशेबारा दुकानं झाली. धडधाकट खांद्यांची विशी-बाविशीतली पोरं गिऱ्हाइकासमोर धार थांबवू लागली, डोळे मिटू लागली. नियमांच्या पुस्तकात तर 'ओठाचा डावा कोपरा किंचित खाली' असंही छापलं होतं. शिगेहारूला पहिल्या वर्षीच खरं सांगायचं होतं. पण तोवर किजिमाने तीनशे माणसांपुढे मौनावर भाषण ठोकलं होतं. आता तोंड उघडलं असतं तर मालकाचं नाक कापलं गेलं असतं. शिवाय परदेशी पोरं येऊन कमरेत वाकायची, तेही त्याला गोड लागत होतं. उगाच का खोटं बोला!

सदुसष्टाव्या वर्षी बायकोच्या, फुसाएच्या, कटकटीला कंटाळून तो सुया टोचणाऱ्या वैद्याकडे गेला. अकरा खेपांत खांदा मोकळा झाला. धार अखंड पडू लागली, कॉफीला चव आली.

आणि नेमकी त्याच महिन्यात धार सोडण्याच्या परवान्याची फेरपरीक्षा आली. दर तीन वर्षांनी सगळ्यांचीच व्हायची. मुख्य कचेरीतून कुरोइवा नावाची तिशीतली परीक्षक आली. तिने कॉफी चाखली, डोळे विस्फारले.

"नाकाओ-सान, इतकी सुंदर कॉफी मी जन्मात प्यायले नाही."

"मग झालं तर."

"पण मौन कुठंय? मौनाला शून्य गुण द्यावे लागतील हो! पुढच्या महिन्यात पुन्हा येते. तेव्हाही नाही जमलं, तर तुम्ही दाराशी बसा. पाहुण्यांना फोटो काढता येतील."

म्हणजे शिगेहारूचं काउंटर सुटणार! दाराशी तर शोभेचं मांजरही बसतं.

घरी फुसाए भडकली. "अहो, सांगून टाका ना एकदाचं, दुखत होतं म्हणून!"

"आता? एकशेबारा दुकानं झाल्यावर? किजिमा-सान तोंड कुठे लपवतील?"

"त्यांच्या तोंडाची काळजी तुम्हाला! अकरा वेळा सुया काय गंमत म्हणून टोचून घेतल्या?"

तरी रोज संध्याकाळी मोरीपाशी साध्या पाण्यावर सराव सुरू झाला. फुसाए भात उकरता उकरता परीक्षा घ्यायची.

"हे दुखणं नव्हे. शिंक अडकल्यासारखं दिसतंय."

"आणि हे?"

"आता बरं जमलं. लाज कशी ती वाटत नाही तुम्हाला!"

वाटत होती. पण काउंटरवाचून तो जगलाच नसता.

फेरपरीक्षेला दुकान भरलेलं. तैवानच्या पाहुण्यांनी फोन उंचावले होते. शिगेहारूने धार सोडली, थांबवली, डोळे मिटले, ओठ वाकडा केला. कुरोइवाने रुमाल डोळ्यांना लावला. "केवढं खोल आहे हे!" असं पुटपुटत तिने पूर्ण गुण लिहायला घेतले.

तो कप गेला ओगिनोपुढे. ओगिनो बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला, या काउंटरचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. पाच हिवाळे त्याने स्वतःच्या खर्चाने औषधी पट्ट्या आणून, दुकान उघडण्याआधी शिगेहारूच्या खांद्यावर चिकटवल्या होत्या. एक घोट घेऊन त्याने कप खाली ठेवला.

"नाकाओ-सान, खांदा पुन्हा धरला का हो?"

कुरोइवाची लेखणी थबकली. "खांदा? कसला खांदा?"

शिगेहारूने काउंटर पुसायला घेतलं.

"काहीतरीच काय, ओगिनो-सान! माझा खांदा कधीच दुखला नाही."

"असं का," ओगिनो म्हणाला. "माझीच चूक झाली."

त्याने तो कडू कप शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला, पैसे ठेवले आणि उठून वाकून नमस्कार केला. एरवी तो नुसती मान हलवून जायचा. आज परक्या माणसाला करावा तसा, रीतसर, कमरेपर्यंत वाकला.