सहावी जागा

त्या होडीत आम्ही सहा जणी बसायचो आणि सगळ्यांत मागची, सहावी जागा माझ्या मैत्रिणीची होती. ती जागा पुढे मी घेतली. कशी घेतली, ते मी आजवर घरातही कुणाला नीट सांगितलेलं नाही.

होडी हवाईच्या पद्धतीची होती. लांब, अरुंद, आणि डाव्या अंगाला दोन आडव्या दांड्यांना बांधलेलं एक तरंगतं लाकूड. त्याच्या आधाराने होडी उभी राहायची. आमच्या कुंडलिकेच्या खाडीत असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. ती आणली पेणच्या एका गृहस्थांनी. रामवाडीत त्यांचं घर. हवाईत ते वीसेक वर्षं नोकरीला होते, तिथे या होड्यांच्या शर्यती खेळले होते. परत आल्यावर त्यांनी ठरवलं की इथल्या बायकांची एक टीम करायची. आम्ही त्यांना सर म्हणायचो.

मी रोह्याजवळच्या वरसे गावात राहते, एका कंपनीत पॅकिंगला आहे. सरांची जाहिरात वाचली तेव्हा चाळिशी ओलांडली होती आणि शिफ्ट, स्वयंपाक, झोप यापलीकडे आयुष्यात काही घडत नव्हतं. मी नाव दिलं. आणि तिलाही ओढून नेलं.

ती आमच्याच कंपनीत ठेकेदाराकडे साफसफाईला होती. नदीकाठच्या आदिवासी वाडीवरची. बाप मासे धरायचा, त्यामुळे चालायला लागली तशी ती पाण्यात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी गोडाऊनच्या मागे बसून एकमेकींच्या डब्यातलं खायचो. तिच्याबरोबर जेवते म्हणून कंपनीत माझ्या डब्याला हात लावणारी ती एकटीच, आणि तिच्या डब्याला हात लावणारी मी एकटीच. बाकीच्या बायका तिला पाणीसुद्धा वरून ओतायच्या.

होडी पाहून ती हसली होती. "ही कसली गो होडी? कुबडी घेतलेली!"

पण पहिल्याच रविवारी सरांनी तिला मागे बसवलं आणि पुन्हा कधी तिथून उठवलं नाही. मागची सुकाणू धरते. पुढची वेग ठरवते, मधल्या जोर लावतात, तिसरी आवाज देते तेव्हा सगळ्या एकदम वल्ह्याची बाजू बदलतात. हे सगळं शिकता येतं. भरती कुठे वळते, पाण्याचा रंग बदलला म्हणजे खाली गाळ आहे की खडक, हे तिला शिकवावं लागलं नाही. सर म्हणायचे, "मी वीस वर्षांत जे शिकलो ते ही जन्मताच घेऊन आली आहे."

सर फार छान बोलायचे. पाण्यात उतरण्याआधी ते आम्हाला हात धरून गोल उभं करायचे. होडी ओलांडायची नाही, तिच्याजवळ वाईट बोलायचं नाही. "एका होडीत बसलात की तुम्ही एक कुटुंब. इथे जात नाही, पैसा नाही, शिक्षण नाही." त्या वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. आता तेच शब्द आठवले की तोंड कडू होतं.

एकदा होडी मुद्दाम उलटवून सरळ करायचा सराव होता. सगळ्या वर आल्या, मी आले नाही. माझ्या जॅकेटचा पट्टा खाली दांडीला अडकला होता. नाकातोंडात पाणी गेलं, पाय मारत राहिले. मग कुणीतरी माझी वेणी धरली, पट्टा सोडवला आणि मला वर खेचलं. काठावर मी खोकत होते, तर ती माझी पाठ चोळत म्हणाली, "घाबरू नको गो. मी मागं हाय ना."

दुसऱ्या वर्षी शर्यत ठरली. दक्षिणेतल्या एका शहरात, खऱ्या समुद्रात. विमानाने जायचं होतं, त्यासाठी प्रत्येकीने आपले कागद जमवायचे होते. आमच्यातली एकही कधी विमानात बसली नव्हती. खर्च उचलला खांबजवळ हायवेला रिसॉर्ट असलेल्या एका मालकांनी. त्यांची सून दोन-तीनदा आमच्याबरोबर येऊन गेली होती. वाईट मुलगी नव्हती. नियमित व्यायाम करायची, हसून बोलायची.

जायच्या तीन आठवडे आधी सरांनी मला एकटीला फोन केला.

"मालकांची इच्छा आहे सूनबाईंना घ्यावं. तिला मी चौथ्या जागेवर बसवीन. मागे तू बस. तुला जमेल, मी पाहिलंय."

"आणि ती?"

"समुद्रात सूचना इंग्रजीतून देतात. तिला काही कळणार नाही. तिच्याच जिवाला धोका."

इंग्रजी मलाही येत नव्हतं. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. तरी मी ते बोलले नाही. कारण सांगायचं तर आमची शर्यत रद्द होईल अशी भीती वाटली, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. "तुला जमेल" हे ऐकून मला आनंद झाला होता. दीड वर्ष मी तिसऱ्या जागेवर बसून मान वळवून तिच्या जागेकडे बघत होते.

रविवारी रामवाडीला सरांच्या घरी बैठक झाली. तिला कळवलंच नव्हतं. चहा झाला, चिवडा झाला. सर म्हणाले, "मी काही लादणार नाही. टीम तुमची आहे. बदल मान्य असेल तर हात वर करा." एकेक हात वर गेला. माझा सगळ्यात शेवटी गेला, पण गेला. मग सर म्हणाले, "तू तिच्या जवळची. तूच सांग तिला."

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर मी वाडीवर गेले. ती दारात जाळं सांधत बसली होती. मला बघून उठली, आत जाऊन पाणी घेऊन आली. मी वाटेत ठरवलं होतं तेच बोलले. "तुझे कागद पूर्ण नाहीत म्हणतात. जन्माचा दाखला नाही. विमानात घेत नाहीत."

ती आत गेली आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीतून दाखला काढून तिने माझ्या मांडीवर ठेवला. नवा कोरा, शिक्का मारलेला.

"कागद हायेत गो. चार खेपा घातल्या तहसीलला, चार खाडे पडले. तुला दाखवणारच व्हते रविवारी. पण रविवारी सराव नाय म्हणून निरोप आला."

मी दाखला तिच्या हातात परत दिला. मग म्हणाले, "आता यादी गेली पण."

"कोणाचं नाव टाकलं?"

मी सांगितलं.

"ती सुकाणू धरणार?"

"नाही. सुकाणू मी."

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. पाणी बघायची तसं, तळाला काय आहे ते शोधत.

"नावं ठरली तिथं तू काय बोललीस?"

"मी काय बोलणार?"

"व्हय," ती म्हणाली. "तू काय बोलणार."

तिने दाखला घडी करून पिशवीत ठेवला आणि पुन्हा जाळं घेतलं. मी पाणी न पिताच उठले.

शर्यतीचं फार सांगण्यासारखं नाही. समुद्र खाडीसारखा नसतो. वळणाची खूण म्हणून सोडलेल्या तरंगत्या बोयाजवळ डावीकडून लाट आली. सुकाणूचं वल्हं होडीच्या अंगाला कधी टेकवायचं, हे मला डोक्याने ठरवावं लागलं. तिच्या हाताला ते आपोआप कळलं असतं. मला उशीर झाला. डावीकडचं लाकूड पाण्यातून उचललं गेलं आणि होडी पालथी झाली. आम्ही ती सरळ केली, पाणी उपसलं, वल्हवत शेवटपर्यंत गेलो. शेवटून पहिल्या आलो. मालकांची सून थरथरत होती, तिला मीच धरून बसले. मला कुणी एका शब्दाने दोष दिला नाही. सर म्हणाले, "अनुभव महत्त्वाचा." मी परत येईपर्यंत वाट बघत होते, कुणीतरी दोष देईल म्हणून.

रोह्यात सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. मालकांनी भाषणात सांगितलं की खेड्यापाड्यातल्या कष्टकरी बायका, वाडीवस्तीवरच्या बायका आज समुद्रात उतरल्या. टाळ्या पडल्या. वाडीवरची एकही बाई त्या हॉलमध्ये नव्हती. सगळ्यांना ते दिसत होतं. शाल घेऊन मीही टाळ्या वाजवल्या.

पुढे सहा महिन्यांत क्लब बंद पडला. सर मुलाकडे परदेशी गेले. होडी रिसॉर्टच्या दारात उभी आहे, तिच्यात माती भरून झेंडू लावलाय. येणारे-जाणारे आत पाय टाकून फोटो काढतात.

तिचा ठेका संपला, तिने कंपनी सोडली. सत्कारानंतर मी दोनदा वाडीवर गेले, दोन्ही वेळा घराला कडी होती. दुसऱ्या वेळी आतून धूर येत होता.

मागच्या पावसाळ्यानंतर ती मला रोह्याच्या बाजारात दिसली. टोपली पुढ्यात घेऊन बसली होती, कोलंबीचे वाटे लावलेले. मी समोर उभी राहिले. वाटलं, आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही. म्हणाले, "मी तेव्हा हात वर केला होता. तुझ्या विरुद्ध. सरांनी जबरदस्ती केली नव्हती. मला तुझी जागा हवी होती."

ती टोपलीवरच्या माश्या वारत राहिली. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "तेव्हाच कळलं व्हतं."

"मला माफ कर."

"कशाला?" तिने पहिल्यांदा वर बघितलं. "माफ केलं म्हणजे तुमाला घरी जाऊन झोप लागंल. मला काय भेटंल त्यातून?"

 माझ्यामागे एक बाई पिशवी घेऊन ताटकळली होती. कोलंबीचा वाटा उचलत ती टोपलीमागून मला म्हणाली, "जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक हाय."

मी बाजूला झाले.