हूक धरून हाय

मिस्त्री माणसाशी बोलायच्या आधी गाडीखाली जात. गिऱ्हाईक दार उघडून खाली उतरेपर्यंत यांनी गोणपाट अंथरलेलं असायचं, चष्मा काढून खिशात टाकलेला असायचा आणि बाहेर उरलेले असायचे फक्त दोन पाय. "आधी खालून बघू," असा आतून आवाज यायचा. मग गिऱ्हाईक बिचारा त्या पायांकडे बघत आपली अडचण सांगायचा.

खोपोलीला शिळफाट्यावर तुम्ही कधी थांबला असाल, तर ते पाय तुम्हीही पाहिले असतील. मिस्त्रींचा चेहरा नीट आठवत नाही, पण टाचा ओळखता येतात, असे लोक आमच्याकडे बरेच होते. माझं नटबोल्टचं दुकान त्यांच्या वेल्डिंगच्या गाळ्याला लागून, त्यामुळे मला चेहराही मिळाला आणि बोलणीही. "काय शेठ, नट मोजून झाले का?" हा त्यांचा सकाळचा रामराम. दुकान माझं दहा फुटांचं. मला शेठ म्हणणारे ते एकटेच.

आधी ते एका कारखान्यात वेल्डर होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी गाळा टाकला. कर्जतपासून खालापूरपर्यंत जे काही कशाच्या मागे ओढलं जातं, ट्रॅक्टरची ट्रॉली म्हणा, पाण्याची टाकी म्हणा, त्याचा हूक बहुधा त्यांच्या हातचा. त्या हुकाचा त्यांना फार अभिमान होता. "माझा हूक सुटणार नाय," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत, कोणी विचारो न विचारो.

एकदा एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट खड्ड्यात गेला. तो डोक्याला पट्टी बांधून भांडायला आला. मिस्त्रींनी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "हूक सुटला का?"

"हूक नाय सुटला, पण..."

"मग?"

तो माणूस चहा पिऊन परत गेला. पुढे आठवडाभर आम्ही गाळ्यात एकमेकांना कशावरही "मग?" म्हणून हसत होतो.

आता एका डॉक्टरांच्या गाडीबद्दल सांगतो. आमच्या भागात काही मंडळी आहेत, घाटात कोणी पडलं, धरणात कोणी बुडालं की हातातलं काम टाकून धावतात. त्यांना कोणीतरी एक बोट देणगी दिली होती, इंजिनासकट. पण ती टेंपोत चढवायची तर दहा माणसं लागत. म्हणून मिस्त्रींनी तिच्यासाठी दोन चाकांचा ट्रेलर बनवून दिला. तो ओढायला दमदार गाडी हवी होती. कर्जतजवळ फार्महाउस असलेले एक डॉक्टर म्हणाले, माझी घ्या, मी स्वतः चालवीन. मोठी पांढरी एसयूव्ही, घरी प्लगला लावून चार्ज होणारी आणि वर पेट्रोलही पिणारी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने हात वर केले होते. या मॉडेलला मागचा हूक आम्ही देत नाही, म्हणाले. म्हणून डॉक्टर शिळफाट्यावर आले.

मिस्त्री नेहमीप्रमाणे खाली गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मग आवाज आला, "डॉक्टर, ही संत्र्याच्या रंगाची जाड वायर कसली?"

"तिला हात लावू नका! तिच्यात शेकडो व्होल्ट असतात. डिकीखाली मोठी बॅटरी आहे."

ते हळूहळू बाहेर आले आणि चष्मा लावून उभे राहिले. लोखंडाच्या गाडीला हात लावायला मिस्त्री घाबरलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी चेष्टा केली, "काय मिस्त्री, गाडी चावते का?" ते हसले नाहीत.

तीन दिवस त्यांनी नुसते पुठ्ठ्याचे साचे कापले. शेवटी ठरवलं ते असं: गाडीवर एकही वेल्डिंग करायचं नाही, एकही नवं भोक पाडायचं नाही. बंपरच्या आत कंपनीने ठेवलेली जी भोकं आहेत तिथेच सगळं बोल्टने आवळायचं. बोल्ट माझ्याकडचे होते, सगळ्यात चांगले. एरवी ट्रेलरच्या दिव्यांसाठी ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या दिव्यातून वायर काढतात. तीही त्यांनी काढली नाही. ट्रेलरवरच एक छोटी बॅटरी बसवली, एक बटण दिलं, की दिवे आपले लुकलुकत राहतील.

"दुसऱ्याच्या घरातल्या वायरीला आपण कशाला हात लावायचा रं?" ते मला म्हणाले. मला ते फार पटलं. मी शाब्बास म्हणालो, हे इथे सांगितलं पाहिजे.

चाचणीही कसून झाली. बोटीत वाळूच्या गोण्या भरून डॉक्टरांनी गाडी घाट चढवली, उतरवली. हूक तसूभर हलला नाही. गाळ्यासमोरची जागा अरुंद होती, त्यामुळे ट्रेलर वळवायचा झाला की आम्ही तो सोडवून दोघा-तिघांनी हाताने फिरवायचो. आमच्याकडे सगळे तसंच करतात. गाडी ट्रेलरसकट मागे घेऊन बघू, असं मला सुचलं नाही, मिस्त्रींना सुचलं नाही, डॉक्टरांनाही सुचलं नाही.

त्या जुलैत कर्जतकडे नदी फुगली. सकाळी नऊच्या सुमाराला फोन आला: एका फार्महाउसचा वॉचमन, त्याची बायको आणि दोन मुलं पाण्यात अडकलीत, खोलीच्या पत्र्यापर्यंत पाणी आलंय. बोट निघाली. मिस्त्री म्हणाले, हूक माझा आहे, मी येणार. मी दुकान ओढून घेतलं आणि त्यांच्याबरोबर गेलो.

नदीकडे उतरणारी वाट जेमतेम एका गाडीची. दोन्ही बाजूंना दगडी बांध. बोट पाण्यात सोडायची तर गाडी मागे घेतच न्यायला हवी. डॉक्टरांनी रिव्हर्स टाकला. गाडी वीतभर मागे सरली आणि धाडकन थांबली. आत लाल दिवा, आणि टिंग टिंग असा आवाज.

पुन्हा टाकला. पुन्हा वीतभर, पुन्हा धाडकन.

गाडीच्या मागच्या बाजूला डोळे असतात, हे आम्हाला कुठे ठाऊक. त्या डोळ्यांना बोट दिसत होती. मागे काहीतरी आडवं आलंय, मालक आपटणार, असं समजून गाडी आपणहून ब्रेक मारत होती. डॉक्टर पडद्यावर बोटं मारत होते. आवाज बंद झाला, ब्रेक काही सुटेना. कोणी म्हणालं इंजिन बंद करून चालू करा. कोणी डोळ्यांवर चिखल थापला, तर गाडी जागची हलेचना, तो पुसत बसावं लागलं. पलीकडे पत्र्यावरची माणसं दिसत होती. एवढी पंधरा-वीस धडधाकट माणसं आम्ही, एका गाडीपुढे उभे होतो.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच ट्रेलर सोडवून हाताने का ढकलला नाही? मीही वर्षभर स्वतःला हेच विचारलं. दर वेळी वाटत होतं, आता सुटेल. दर वेळी ती वीतभर सरकत होती ना.

मिस्त्री तोवर त्या चिखलात गाडीखाली शिरले होते. गोणपाट नाही, काही नाही. त्यांचे पाय तेवढे दिसत होते. आणि खालून ते ओरडत होते, "हूक धरून हाय! हूक धरून हाय!" हुकाबद्दल कोणीच विचारलं नव्हतं.

अखेर ट्रेलर सोडवला. इंजिनासकट बोट जड, उतारावर चिखल, एक चाक रुतलं, सगळ्यांनी खांदा लावला. बोट पाण्यात गेली. बाई आणि दोन्ही मुलं आली, घोंगड्यांत गुंडाळलेली, चेहरे चिखलाने माखलेले. त्यांना थेट रुग्णवाहिकेत नेलं. वॉचमन आला नाही. तो दोन दिवसांनी खाली सापडला. सगळं मिळून किती वेळ गेला, कोणी घड्याळ बघितलं नव्हतं. कोणी दहा मिनिटं म्हणतं, कोणी अर्धा तास.

मिस्त्रींना कोणी एक शब्द बोललं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. पण दोन आठवड्यांनी डॉक्टर गाळ्यात आले. भला माणूस, मनात काही ठेवून नाही, कळलेली गोष्ट सांगावी तशी त्यांनी सांगितली. "मी कंपनीला विचारलं. ट्रेलरच्या दिव्यांची वायर गाडीला जोडलेली असती ना, तर गाडीला कळलं असतं की मागे ट्रेलर आहे. मग ती मागचे डोळे आपोआप मिटते."

"वायर जोडली असती तर," मिस्त्री म्हणाले.

"तुमचा काय दोष? कोणालाच माहीत नव्हतं."

डॉक्टर गेल्यावर मिस्त्री स्टुलावर बसून राहिले. मी म्हणालो, अहो, त्या संत्र्याच्या वायरीला हात लावून तुम्हीच मेला असता. ते म्हणाले, "ती नाय रं. दिव्याची वायर. साधी दिव्याची." त्यांनी जपून, घाबरून, दुसऱ्याच्या वस्तूचा मान राखून जे केलं, तेच अंगावर आलं होतं. निष्काळजीपणा असता तर निदान दोन शिव्या देता आल्या असत्या.

त्यानंतर त्यांनी एक नवाच नेम धरला. कोणीही हूक बसवायला आला की "मागं घेऊन दाखवा." साधे ट्रॅक्टरवाले वैतागायचे. एकाने मागे घेताना गाळ्याचा पत्रा फाडला. तरी मिस्त्री म्हणाले, "परत घ्या. नीट घ्या." आलेलं हसू मी गिळायचो. "माझा हूक सुटणार नाय," हे मात्र ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

आता जे सांगायचंय त्यात चूक माझी आहे. पुढच्या उन्हाळ्यात एक बाई दुकानात दाराची कडी घ्यायला आली. बाजारामागच्या चाळीत खोली घेतली होती, एका कॅन्टीनमध्ये कामाला होती. "घरात पुरुषमाणूस नाय, दादा. दार रातीचं नीट बसत नाय. कोणी बसवून देईल का?" मी म्हणालो, आमच्या मिस्त्रींसारखं काम कोणी करत नाही. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, मीही ड्रिलची पेटी धरून बरोबर गेलो.

मिस्त्री दारापाशी बसून ड्रिलने कडीसाठी भोक पाडायला लागले होते. मी आत पाहिलं तर भिंतीवर हार घातलेला फोटो. त्या वॉचमनचा वर्तमानपत्रात तोच फोटो आला होता. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे.

बाईला वाटलं, आम्ही विचारतोय. ती सांगायला लागली, रोजचं सांगावं तसं. "पोरांचे बाबा. मागच्या पुरात गेले. आमाला वर ढकललं आन् स्वतः खाली पत्र्याचा खांब धरून राहिले. पलीकडं गाडी दिसत होती ना, पांढरी. मागं यायची, थांबायची. मागं यायची, थांबायची. हे आमाला सांगायचे, आली बघ, आली. पोरं मोजत होती, कितीदा आली ते. बोट पाण्यात पडली तेव्हाच यांचा हात सुटला."

ड्रिल चालूच होतं. भोक कधीच पडून गेलं होतं.

"त्या लोकांचे लई उपकार हायेत," बाई म्हणाली. "कोण होते, नाव पण ठाव नाय मला. एकदा पाया पडायचं होतं."

मिस्त्रींनी कडी बसवली. लावली, काढली, लावली, काढली. पैसे घेतले नाहीत, बोलले नाहीत, चपला हातात घेऊन बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "सांगायला पायजे होतं का रं?"

"सांगून काय होणार?" मी म्हणालो. मी हे तिच्यासाठी म्हणालो, त्यांच्यासाठी की स्वतःची सुटका करून घ्यायला, ते मला आजही सांगता येत नाही.

थंडीत ते गेले. सकाळी घरी दाढी करताना छातीत कळ आली, तेवढंच. अंत्ययात्रेला गर्दी खूप होती, डॉक्टरही आले होते. मी त्यांच्या पायांना बुक्क्याचं बोट लावलं, तेव्हा रडलो. तोवर बरा होतो.

महिन्याभराने ती बाई कुलूप घ्यायला आली. शेजारचा गाळा बंद बघून तिने विचारलं, मिस्त्री कुठे गेले? मी सांगितलं. ती काउंटरला धरून उभी राहिली.

"दादा, एक विचारू? त्या दिवशी माझं काय चुकलं होतं का? दूध नव्हतं घरात, म्हणून मी चहाचं विचारलं नाय. ते काय बोललेच नाय माझ्याशी. तसेच गेले. राग आला होता का त्यांना?"

"नाही हो ताई. राग नव्हता."

"मग?"

मी कुलूप कागदातून काढलं आणि दोन्ही किल्ल्या नीट लागतात ना, ते तिला एकेक करून दाखवलं.