चौथे पान

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत ओडेल प्रूइटला कोणाचा संशय घेण्याची सवय नव्हती. अलाबामातल्या ज्या काउंटीत तो जन्मला आणि वाढला, तिथे माणूस दुकानात गेला तर गाडीची किल्ली गाडीतच राहत असे. सकाळी शाळेची बस चालवायची, दुपारी त्याच शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या आघाडीच्या फळीला शिकवायचे, शनिवारी मैदानाचे गवत कापायचे आणि रविवारी चर्चमध्ये मागच्या रांगेत उभे राहून भसाड्या आवाजात गायचे, हा त्याचा एकोणीस वर्षांचा क्रम होता.

फळीतली पोरे म्हणजे संघातले हमाल. चेंडू त्यांच्या हातात कधी येत नाही आणि वर्तमानपत्रात नाव तर त्याहून कमी वेळा येते. जमिनीला हात टेकून वाकायचे आणि समोरून धावून येणाऱ्याला छातीवर घ्यायचे, एवढेच त्यांचे काम. ओडेल त्यातलाच होता, आणि त्याचा मुलगा एझ्राही त्यातलाच. फरक एवढाच की एझ्रा साडेसहा फूट उंच होता, वजनाने दोन माणसांएवढा होता आणि मांजरासारखा हलत होता. त्यामुळे तो शाळेच्या शेवटच्या वर्षात आला तेव्हा पाच विद्यापीठांचे कोच प्रूइटांच्या बैठकीत येऊन बसून गेले.

चौघे एझ्राशी बोलले. पाचवा, टॉम्बिगबी स्टेटचा कोच स्टॉलवर्थ, ओडेलशी बोलला. त्याने जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, कोट काढला आणि म्हणाला, "पोरांना पहिलं पाऊल कसं टाकायला शिकवता, ते मला करून दाखवा." अर्धा तास दोघे बैठकीत वाकून उभे होते. व्हर्नीस, ओडेलची बायको, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "माझा दिवा फुटला तर विद्यापीठाकडून भरून घेईन हं!"

निघताना गाडीचे दार उघडून स्टॉलवर्थ ओडेलला हळूच म्हणाला, "तुमच्यासारख्या माणसाला आमच्याकडे जागा असतेच. पोरगा आधी येऊ दे." हे वाक्य ओडेलने घरात कोणाला सांगितले नाही. एझ्राच्या मनात समुद्रकाठचे दुसरे विद्यापीठ होते. त्याचा जिवलग मित्र तिथे जाणार होता. ओडेलने टॉम्बिगबीचा आग्रह धरला. शेवटी एझ्राने टॉम्बिगबीच्या करारावर सही केली. जूनमध्ये ओडेलला नेमणुकीचे पत्र आले.

काम असे होते. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी सामना आहे त्यांच्या जुन्या सामन्यांची चित्रफीत बघायची आणि त्यांच्या फळीबद्दल टिपण लिहायचे. ओडेलची नजर पोरांच्या बोटांवर असे. जमिनीला टेकलेल्या हाताची बोटे पांढरी पडली की तो पोरगा पुढे मुसंडी मारणार. बोटे हलकी असली की मागे सरणार. कोणाच्या बोटांचे काय होते, हे तो नंबरवार लिहून काढी. दर मंगळवारी सकाळी आठ पाने स्टॉलवर्थच्या टेबलावर जात.

दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरात त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याने आठ पाने भरून सूचना द्याव्यात आणि शनिवारी मैदानावर त्यातले काहीच दिसू नये, असे सलग पाच सामने झाले. मग ब्लॅकवॉटरविरुद्धच्या सामन्याच्या आठवड्यात त्याने एक गोष्ट केली. टिपणातले चौथे पान काढून ठेवले आणि त्या जागी व्हर्नीसच्या पीच कॉब्लरची, म्हणजे फळे घालून भाजायच्या गोड पदार्थाची, कृती नीट टाइप करून घातली. मंगळवार गेला, बुधवार गेला, सामनाही गेला. कोणी हसले नाही, कोणी रागावले नाही. ओडेलने ते व्हर्नीसलाही सांगितले नाही. पुढच्या मंगळवारी त्याने पुन्हा आठ पाने दिली.

जानेवारीत चौकशी लागली. विद्यापीठांच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या संघटनेकडे कोणी निनावी पत्र पाठवले होते: टॉम्बिगबीने मुलगा मिळवण्यासाठी बापाला नोकरी दिली. ते पत्र कोणी लिहिले, हे आजतागायत कळलेले नाही; पण त्या महिन्यात ओडेलच्या मते ते निदान सात जणांनी लिहिले होते. जुन्या शाळेच्या कोचने, कारण त्याला स्वतःला तशी नोकरी हवी होती. न्हाव्याने, कारण तो हल्ली कैची चालवताना गप्प असे. चर्चचे वडीलधारे डिकन टोलिव्हर यांनी, कारण त्यांनी फार आपुलकीने विचारले, "ओडेल, घरी सगळं ठीक ना?" एका रात्री जेवताना त्याने व्हर्नीसकडे इतका वेळ पाहिले की ती म्हणाली, "मी लिहिलं असतं तर सहीनिशी लिहिलं असतं. भाजी वाढू?"

त्यात एका बुधवारी सकाळी विद्यापीठाच्या इमारतीत त्याचे कार्ड दाराला लागेना. हिरवा दिवा लागायचा तिथे लाल लागला. पहारेकरी दार उघडून देत म्हणाला, "यंत्र बदलतायत." पण त्याच्यामागून आलेल्या दोघांची कार्डे लागली. आत गेल्यावर चित्रफितीच्या खोलीतल्या पोराने खाली बघतच सांगितले, "एझ्राचं नाव सकाळी विद्यापीठ बदलणाऱ्यांच्या पोर्टलवर आलं, मिस्टर प्रूइट. तो दुसरीकडे चाललाय. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

ओडेलला माहीत नव्हते.

दहा वाजता स्टॉलवर्थने त्याला बोलावले.

"ये ये, बिग ओडेल. कॉफी?"

"नको, कोच."

"एझ्राचं मनाला लावून घेऊ नकोस. आजकालची पोरं, दुसरीकडे गवत हिरवं दिसलं की निघाली. ते जाऊ दे. शुक्रवारी संघटनेच्या त्या हॅलोरन बाई तुझी जबानी घेणार आहेत. सरळ सांगायचं, लायकीवर नोकरी मिळाली, घाम गाळला. बस्स."

"आणि त्यांना नाही पटलं तर?"

स्टॉलवर्थने खुर्ची पुढे ओढली. "मग असं ठरणार की पोराला आमिष दाखवलं. तसं ठरलं तर तो जिथे जाईल तिथे एक वर्ष बाकावर बसणार. माझं काय, मला चार ठिकाणी बोलावतील. वर्ष जाईल ते त्याचं."

बोलताना त्याने ओडेलच्या खांद्यावर हात ठेवला होता. ओडेलला तो हात जड वाटला.

"कोच, माझी टिपणं वाचत होता ना तुम्ही?"

"वाचत? अरे, उशाशी घेऊन झोपत होतो!"

"ब्लॅकवॉटरच्या वेळचं चौथं पान..."

"सोनं होतं ते, सोनं!" स्टॉलवर्थने टेबलावर थाप मारली. "मी सगळ्यांना म्हटलं, असं लिहिणारा दुसरा माणूस आणून दाखवा मला. हेच सांग बाईंना."

त्या पानावर लिहिले होते: लोणी आधी वितळवावे. पीच घातल्यावर ढवळू नये.

ओडेल उठला. "सांगतो," म्हणाला.

संध्याकाळी एझ्रा आपले कपडे न्यायला घरी आला होता. फोन त्याने पलंगावर पालथा ठेवला होता आणि तो सारखा गुरगुरत होता.

"कोणाचा आहे?" ओडेलने दारातून विचारले.

"कोणाचा नाही."

"कोणाचा नाही, तो तीनदा वाजतो?"

"डॅडी, या वेळी मी ठरवणार आहे."

"मागच्या वेळी कोणी ठरवलं?"

एझ्राने घडी केलेला सदरा पिशवीत ठेवला. "तुम्ही."

"तुझ्या भल्यासाठी."

"हो, सर."

त्या 'हो, सर'मध्ये शिस्त होती, दुसरे काही नव्हते. आतून व्हर्नीसचा आवाज आला, "भांडायचं तर इकडे या! तिथलं मला अर्धंच ऐकू येतं."

एझ्रा हसला नाही. पिशवीची चेन ओढत तो म्हणाला, "एक विचारू? मी सही करायच्या आधी त्यांनी तुम्हाला नोकरीचं काही सांगितलं होतं का?"

"जेवण निवतंय," ओडेल म्हणाला आणि वळला.

जेवताना तो मुलाकडे बघत होता आणि मुलगा ताटाकडे. याने बाईंना काय सांगितले असेल? बाईंनीच तर हा प्रश्न त्याच्या तोंडी घातला नसेल? आपल्या घरात, आपल्या टेबलाशी, आपल्या मुलाबद्दल असले विचार येतात याची ओडेलला लाज वाटली. पण विचार काही थांबले नाहीत.

शुक्रवारची जबानी महामार्गालगतच्या हॉटेलात होती. हॅलोरन बाई बारीक, केस आखूड, बोलण्यात उत्तरेची. ध्वनिमुद्रक चालू करून त्यांनी पहिल्याच दमात विचारले, "मिस्टर प्रूइट, तुमचा मुलगा तिथे गेला नसता, तर ही नोकरी तुम्हाला मिळाली असती?"

'असती' एवढा एक शब्द म्हटला की विद्यापीठ सुटत होते, एझ्राचे वर्ष वाचत होते, आणि ओडेल प्रूइट गावात मान वर करून चालू शकत होता. बाईंना तो पटला असता का, हा प्रश्न वेगळा. पण आठ-आठ पानांचे गठ्ठे पुरावा म्हणून हजर होते.

"नसती," ओडेल म्हणाला.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "कशावरून म्हणता?"

त्याने कॉब्लरची गोष्ट सांगितली. बाईंना हसू आले. त्यांनी ते खोकल्यात घालवले. मग त्याने गाडीपाशी झालेले बोलणे जसेच्या तसे सांगितले.

"हे तुमच्या मुलाला माहीत होतं?"

"नव्हतं. त्याने परवा विचारलं, मी उत्तर दिलं नाही."

"पत्नीला?"

"नाही."

"दोन वर्षं कोणालाच सांगितलं नाहीत. आता सांगताय, आणि त्याने तुमचा मुलगा निर्दोष ठरतो. यावर मी का विश्वास ठेवावा?"

हा प्रश्न ओडेलने त्यांच्या जागी बसून स्वतःलाही विचारला असता. "मला वाटलं होतं की सांगण्यासारखं ते नाही," तो म्हणाला. "ज्या दिवशी ऐकलं, त्याच दिवशी वाटलं होतं. तरी मी त्याला तिथेच पाठवला. ऑक्टोबरात कळलं की माझं लिहिलेलं कोणी उघडत नाही. तरी पगार घेत राहिलो. हे माझं आहे, मॅडम. त्याचं यात काही नाही."

बाईंनी आणखी दोन तास विचारले, तेच ते, उलटसुलट. ओडेलची उत्तरे बदलली नाहीत.

घरी आल्यावर त्याने व्हर्नीस आणि एझ्रा दोघांना टेबलाशी बसवले आणि सगळे पुन्हा सांगितले. व्हर्नीस म्हणाली, "माझी कृती निदान पूर्ण तरी लिहिली होतीस का?" आणि उठून परसात गेली. बराच वेळ आली नाही.

एझ्राने विचारले, "मॅडमना आधी सांगितलंत?"

"हो."

"उलटं व्हायला हवं होतं."

"हो."

"मला तिथे पाठवलंत ते माझ्यासाठी की तुमच्यासाठी?"

"त्या वेळी वाटलं तुझ्यासाठी. आता मला सांगता येत नाही, बाळा."

एझ्राने पिशवी उचलली. दाराशी थांबून तो म्हणाला, "निघतो, सर," आणि गेला.

निकालाला सात आठवडे लागले. एझ्राला कुठेही, कधीही खेळायला मोकळीक मिळाली. टॉम्बिगबीला दंड झाला. ओडेलला पाच वर्षे कोणत्याही विद्यापीठाच्या संघात काम करायला मनाई झाली, आणि काउंटीच्या शाळेनेही कळवले की तूर्तास संघासाठी कोणाची गरज नाही. तो गुराढोरांच्या खाद्याच्या गोदामात लागला. तिथले लोक त्याच्याशी चांगले वागत. इतके चांगले का वागतात, हे त्याला काही दिवस कळेना.

मार्चच्या अखेरीस एका दुपारी फोन आला.

"डॅडी, सही झाली. काल केली."

"काल?"

"हो. तुम्हाला सही झाल्यावरच सांगायचं ठरवलं होतं."

"बरोबर आहे. कुठे?"

"केंटकीत. फळीचे कोच म्हातारे आहेत. मला आवडले."

त्यांनी तुला काय काय कबूल केले, कोण कोण भेटले, कोणी गाडीपर्यंत सोडायला आले का, असे सगळे प्रश्न ओडेलच्या ओठांवर आले. त्याने एकही विचारला नाही.

"आणि डॅडी, त्यांनी तुमचा नंबर मागितला होता. मी दिला नाही."

"बरं केलंस," ओडेल म्हणाला, आणि फोन व्हर्नीसच्या हातात दिला.