फळ्यावरची तिसरी ओळ

आमच्या चाळीत मरायचं असेल तर भावजींच्या आधी मरावं, मागाहून मरण्यात काही अर्थ नाही, असं सगळे म्हणत. हे मी थट्टेने सांगत नाही. मुलुंडला आमच्या चाळीच्या तोंडाशी एक काळा फळा होता. तसे फळे सगळ्याच चाळींत असतात. उद्या पाणी येणार नाही, अमक्याकडे सत्यनारायण आहे, हे लिहायला. कोणी गेलं तर त्याच फळ्यावर 'दुःखद निधन', खाली नाव, वय आणि किती वाजता नेणार ते. संपलं. जन्मभर राबलेल्या माणसाला पाण्याच्या नोटिशीएवढी जागा. आमच्या फळ्यावर मात्र भावजी लिहीत, आणि ते तीन ओळी लिहीत. शेजारच्या चाळीतल्या बायका भाजीला जाताना वाट वाकडी करून आमचे मेलेले वाचून जात.

भावजी म्हणजे माझ्या नात्याचे कोणी नव्हेत. माझ्या नवऱ्याचे मित्र, समोरच्या खोलीत एकटे राहत. गाव देवगडकडचं. लग्न केलं नाही. का केलं नाही ते कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यांनी उलट विचारणाऱ्यालाच 'तू का केलंस?' म्हटलं असतं. एका कारखान्यात ते लाकडी खोक्यांवर पत्ते रंगवायचं काम करत. त्यामुळे अक्षर असं की लांबून वाचावं. त्यांचं सगळं तत्त्वज्ञानही त्या खोक्यांतूनच आलेलं. "वहिनी, पत्ता बरोबर असला की माल पोचतो," ते म्हणत. "माणसाचंही तसंच. पहिल्या ओळीत नाव आणि गाव, दुसरीत कामधंदा, तिसरीत खूण. पत्त्यात लिहितात ना, पिंपळाच्या बाजूला, विहिरीसमोर? खूण नसली तर एवढ्या गर्दीत वरचा तरी कसा शोधणार?" आणि खूण म्हणजे त्या माणसातली एक अशी गोष्ट, जी चाळीतल्या दुसऱ्या कोणात नाही. बहुतेक वेळा तो दोषच असे. गुणांवरून माणूस ओळखू येत नाही, ते सगळ्यांचे सारखे असतात, असं त्यांचं म्हणणं.

आता ही खूण शोधायची तर माणूस जिवंत असतानाच शोधायला हवी. म्हणून कोणी आजारी पडलं की भावजी वही घेऊन हजर. लोक आजाऱ्याला बघायला जाताना मोसंबी नेतात, हे पेन्सिल नेत. खाटेजवळ बसायचे आणि विचारायचे, शाळा कितवीपर्यंत, पहिली नोकरी कुठे, आणि मग हळूच, "तुमचं कोणाशी पटत नाही?" त्यांना दारात बघून कित्येकांचा ताप उतरलाय. बायका आपल्या नवऱ्याच्या खोकल्याचा आवाज त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून रेडिओ मोठा लावत. शेवटच्या खोलीतली एक म्हातारी तेवढी त्यांना पुरून उरली. ते वही उघडून बसले तशी म्हणाली, "मेल्या, आधी चाय पी, मगे माका मार." तिच्या खुणेच्या ओळीत भावजींनी पुढे लिहिलं, 'यमालाही चहा विचारला असेल.'

एकदा मात्र त्यांची चांगलीच फजिती झाली. आमच्या रांगेत एक कॅरमवाले होते. दिवसभर ओट्यावर बोर्ड मांडून बसायचे. त्यांना छातीत दुखतं म्हणून इस्पितळात नेलं आणि डॉक्टरने मान हलवली. भावजींची रीत अशी, की मजकूर आधी कच्चा लिहून बघायचा, तीन ओळींत मावतो का. तसा तो फळ्यावर लिहून बघितला, आणि खडू संपला म्हणून आणायला गेले. वाटेत कोणी भेटलं, बोलत बसले. इकडे निम्म्या चाळीने तोंडं धुऊन पांढरे कपडे घातले. गावाला फोन गेले. कॅरमवाल्यांचा साडू हार घेऊन आला. आणि चौथ्या दिवशी कॅरमवाले स्वतः रिक्षातून उतरले, हाताला सुईची पट्टी चिकटवलेली. फळा अजून तसाच. भावजी लाजेने घरात लपलेले, पुसायला कोण येणार? कॅरमवाल्यांनी कमरेवर हात ठेवून सगळं वाचलं आणि तिथूनच ओरडले, "अरे, मेलो म्हणून लिहिलंस त्याचं काय नाय, चूक होते माणसाकडून. पण कॅरममध्ये रडी खेळतो हे कोणी सांगितलं तुला?"

भावजी लगेच बाहेर. लाज वगैरे सगळी गेली. "खेळतोस! परवा राणी हाताने सरकवलीस."

"ती वाऱ्याने सरकली!"

"कॅरमच्या सोंगटीला वारा लागतो काय रे? पतंग आहे ती?"

कॅरमवाले पुढे नऊ वर्षं जगले. खरोखर गेले तेव्हा भावजींनी तीच ओळ लिहिली, अक्षराचा फरक नाही. त्यांचा मुलगा फळ्यासमोर रडायला उभा राहिला आणि हसत घरी गेला.

भावजींचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. एक गोष्ट मला त्यांची कधीच सहन झाली नाही. एकटा माणूस म्हणून आम्ही बायका काही गोडधोड केलं, माशाचं कालवण केलं की वाटीभर त्यांना देत असू. वाटी गेली ती गेली. परत म्हणून यायची नाही. मी दारात उभी राहून मागायची, "भावजी, माझी वाटी?" तर म्हणायचे, "आहे, आहे. देतो." वर्षानुवर्षं देतोच. माझ्या सहा वाट्यांचा संच होता, लग्नातला, प्रत्येकीवर माझ्या नवऱ्याचं नाव कोरलेलं. त्यातली एक भावजींनी गिळली आणि मी पाहुण्यांना जन्मभर पाच वाट्यांत वाढलं. वर जेवण झालं की तोंडावर सांगायचे, "आज मीठ जरा जास्त पडलंय." मी म्हणायची, "मग वाटी तरी परत करा, मीठ मोजून घालीन." ते वहीत डोकं घालायचे.

माझा नवरा गेला त्या सकाळी भावजी खडू हातात घेऊन माझ्याकडे आले. घरात बायका रडत होत्या. मी रडत नव्हते, मला रडू उशिरा येतं. ते म्हणाले, "वहिनी, तिसरी ओळ?" मी म्हटलं, "लिहा, प्यायचे. सगळ्यांना ठाऊक आहे, लपवायचं काय?" भावजींनी मान हलवली. "ती खूण नव्हे वहिनी. ती निम्म्या चाळीची आहे. पोस्टमन चुकेल." आणि गेले. दुपारी यांना नेलं, त्यानंतर मी फळ्यापाशी गेले. तिथे लिहिलं होतं, 'रात्रपाळीवरून आल्यावर बायको झोपलेली असली तर दार वाजवत नसत, पायरीवर बसून राहत.'

माझं पहिलं मूल तान्हं होतं तेव्हाची ही गोष्ट. ते रात्रभर रडायचं आणि पहाटे माझा डोळा लागायचा. हे आठ-आठ वाजता घरात यायचे आणि मी तोंड सोडायची, पाळी सहाला सुटते, दोन तास कोणत्या गुत्त्यावर होतात? हे काही बोलायचे नाहीत. भावजी सकाळी नळावर जाताना त्यांना पायरीवर बघायचे. मला त्यांनी ते चाळीस वर्षांनी फळ्यावर सांगितलं. त्या दिवशी मला भावजींचा इतका राग आला की आठवडाभर बोलले नाही. आधी सांगायला काय झालं होतं?

पुढे चाळ पाडली. आम्ही तीन वर्षं संक्रमण शिबिरात पत्र्याच्या खोल्यांत काढली आणि मग त्याच जागी सात मजल्यांची इमारत झाली. लोकांनी कपाटं विकली, पाटे-वरवंटे टाकले. भावजींनी दोनच गोष्टी नेल्या-आणल्या, एक जुनी लोखंडी ट्रंक आणि तो फळा. फळा डोक्यावर घेऊन ते मुलुंडच्या रस्त्यातून चालले होते, आणि मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. नव्या इमारतीत काचेचा नोटीस बोर्ड लावलाय, त्याला कुलूप. भावजींनी फळा त्याच्या शेजारी स्वतः खिळा मारून टांगला. सेक्रेटरी नव्या पिढीचा, बँकेत कामाला. तो म्हणाला, "काका, आता ग्रुप आहे ना. कोणी गेलं की मी लगेच टाकतो." भावजींनी त्याचा फोन बघितला. एकाखाली एक चाळीस जणांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलेलं. म्हणाले, "हे कोण मेलंय? माणूस गेलाय की पंखा बंद पडलाय? सगळ्यांनी हातच जोडलेत, बोललं कोणीच नाही."

गेल्या वर्षी त्यांच्या पायाला सूज आली, श्वास लागायला लागला. मी पेज घेऊन गेले. पातेलीतून नेली, वाटीतून नाही. ते म्हणाले, "वहिनी, माझं तुम्ही लिहायचं."

"मी चौथी शिकलेय. माझं अक्षर बघितलंय?"

"सेक्रेटरी बी.कॉम. आहे. तो काय लिहील ते मला ठाऊक आहे. तीन ओळी, वहिनी. बाकी काही नको. तिसरी नीट शोधा. नाहीतर मी वर पोचायचो नाही."

मी म्हटलं, बघू. हो म्हटलं नाही. याची रुखरुख मला लागली, खोटं कशाला बोलू.

ते गेले ते सकाळी चहाच्या वेळी. नऊ वाजता सेक्रेटरी फोन घेऊन माझ्या दारात. "आजी, फ्लेक्स टाकतोय गेटवर. हे बघा." भावजींचा आधार कार्डावरचा फोटो, बाजूला समई, खाली 'हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांचे लाडके'. हसतमुख! पन्नास वर्षांत त्या माणसाचे दात मी पाहिले नव्हते. मी म्हटलं, "हा कोण गेला रे? मी नाही ओळखत याला." तो चिडला. "मग तुम्ही सांगा ना काय लिहू ते." आणि मला सांगता येईना. वही आणून बघितली. सगळ्या चाळीच्या खुणा होत्या. माझंही पान होतं, त्यावर लिहिलं होतं, 'रागावली की जास्त वाढते.' त्यांच्या स्वतःच्या पानावर नाव, गाव, काम, आणि तिसरी ओळ कोरी. सगळ्यांना विचारलं. प्रत्येक जण म्हणे, चांगला माणूस होता. चांगला माणूस ही काय खूण झाली?

दुपारी नेणार होते. त्यांचा पुतण्या आजारपण ऐकून आदल्या रात्रीच गावाहून निघाला होता, तो पोचला, त्याने कागदपत्रांसाठी ट्रंक उघडली आणि मला हाक मारली. "काकी, ह्या काय आसा?" आत वाट्या होत्या. एकतीस. घासून पुसून, एकात एक घालून, जुन्या धोतराच्या धडप्यात बांधलेल्या. प्रत्येकीवर नाव कोरलेलं. कॅरमवाल्यांची होती. चहावाल्या म्हातारीची होती. माझ्या संचातली सहावी होती, यांच्या नावाची. मी खाटेवर बसले. आमच्यात शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत, चमचाभर साखर तरी घालतात, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आणि एकट्याच्या घरात वाटीत घालण्यासारखं स्वतःच्या हातचं काय असणार? साखर घालायची तर घालता आली असती. पण कालवणाच्या वाटीत विकतची साखर घालून द्यायला त्यांना कमीपणा वाटला असेल. आज देऊ, उद्या देऊ, असं करत वाट्या साठल्या, आणि वाट्यांवरच्या नावांची माणसं एकेक करून फळ्यावर गेली.

मी स्टूल मागवलं, फळ्यापुढे चढले. सेक्रेटरीने स्टूल धरलं, तेवढं त्याचं खरं. पहिल्या दोन ओळी वहीतून उतरवल्या. अक्षर वर चढत गेलं. तिसरी ओळ लिहिली, 'घेतलेली वाटी परत करत नसत. रिकामी द्यायला लाजत.'

"आजी, मेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का?" सेक्रेटरी खालून म्हणाला.

"त्यांना विचारून ये," मी म्हटलं.

फ्लेक्स लागला नाही. लोक आले, वाचत उभे राहिले, आणि मग एकेक जण म्हणायला लागला, अरे हो, आमची पण एक होती. बायका डोळे पुसत हसत होत्या. भावजींना त्या फळ्यासमोरूनच नेलं.

तेराव्याला मी रवा भाजून लाडू वळले, मीठ नव्हे, साखर बेताची घातली, आणि प्रत्येक वाटीत एक-एक ठेवून वाट्या घरोघरी पोचवल्या. नऊ वाट्यांना घर उरलेलं नव्हतं. त्या माझ्या मांडणीवर आहेत. यांच्या नावाच्या आता सहा झाल्या, आणि पाहुणे येणं बंद झालंय.

फळ्यावरचं तेराव्यानंतर पुसायचं, ही भावजींचीच पद्धत. ओलं फडकं घेऊन स्वतः पुसायचे. आता महिना झाला. परवा सेक्रेटरी म्हणाला, "आजी, पुसू का? टाकी धुवायचीय, नोटीस लिहायची आहे. काचेच्या बोर्डाची किल्ली हरवलीय."

मी म्हटलं, "लिही की. बाजूला जागा आहे, बारीक अक्षरात लिही."